डुप्लिकेट बुक, लाँगबुक, फोन, ॲप की व्हॉट्सॲप? प्रार्थनासोबत्यांच्या साधनांचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सेवेत असलेल्या माणसाला ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय’ हे दर रविवारी ऐकायला मिळतं. म्हणणारा मनापासून म्हणतो. पण नेमकं काय मागायचं हे त्याला ठाऊक असतं का? आणि मागितल्यावर पुढं काय झालं, हे विचारायला तो परत येतो का? बहुतेक वेळा नाही. यात श्रद्धेची उणीव नाही, विसर पडतो एवढंच. एकमेकांसाठी नेमानं प्रार्थना करणाऱ्या दोघांना, म्हणजे प्रार्थनासोबत्यांना, विसरावर उपाय म्हणून साधन लागतं, आणि अशी साधनं आपल्या बाजारात आणि फोनमध्ये आधीपासून आहेत. त्यातलं कुठलं कुणाला उपयोगी पडतं, कुठं कमी पडतं, याचं हे परीक्षण.

हे फक्त पाळक आणि सुवार्तिकांसाठी नाही. संडे स्कूलची शिक्षिका, रात्रपाळीची परिचारिका, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा फिटर, महिला मंडळाची खजिनदार, या सगळ्यांना आपापल्या जागी पाचारण आहे, आणि ते एकट्यानं निभवायचं नसतं. येशूनं शिष्यांना पाठवलं तेच दोघादोघांना (लूक १०:१).

कसोटी आम्ही एकच लावली आहे, आणि ती अंत्युखियाच्या मंडळीकडून घेतली आहे. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये त्या मंडळीनं उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना रवाना केलं. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पुढच्याच अध्यायाच्या शेवटी (१४:२६-२७) ते दोघं त्याच मंडळीत परततात, लोकांना एकत्र करतात आणि देवानं आपल्याबरोबर राहून काय काय केलं ते सगळं सांगतात. हा भाग मात्र आपल्या सभांतून निसटतो. पाठवणाऱ्यांकडे हिशेब परत आला, म्हणून ती भागीदारी झाली. तेव्हा प्रत्येक साधनाला आमचा प्रश्न हाच: विनंती ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडे तिचा शेवट परत जातो का? बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं तेव्हा इथली बातमी जहाजानं तिकडं पोचायला महिने लागायचे, तरी वृत्तांत लिहून पाठवायची शिस्त होती. आज निरोप क्षणात पोचतो आणि वृत्तांत राहून जातो.

डुप्लिकेट बुक

आमची पहिली पसंती हिलाच. बेळगावच्या खडेबाजार किंवा गणपत गल्लीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ‘डुप्लिकेट बुक’ मागा. व्यापारी ऑर्डर लिहायला वापरतात तीच. ५० किंवा १०० जोड्यांची मिळते. वरचं पान फाडून द्यायचं, खालचं बुकात राहतं, मध्ये कार्बन. आकार साध्या वहीच्या पानाच्या अर्ध्याएवढा घ्या. त्याहून लहान बुकात ओळी दाटतात, मोठं पिशवीत मावत नाही. बिल बुक घेऊ नका, त्यात ‘दर’ आणि ‘रक्कम’ असे रकाने छापलेले असतात. कोरं किंवा नुसतं रेघांचं बुक हवं, आणि पानांना छापील क्रमांक असतील तर उत्तम, कारण मग ‘पान १४ वरचं तिसरं’ एवढं फोनवर बोलून भागतं.

दोघांची एक बैठक, एक पान. वरची प्रत सोबत्याकडे, खालची तुमच्याकडे. दोघांकडे शब्दशः तेच असतं, त्यामुळे ‘तू असं म्हणाला होतास’ हा वाद उरत नाही. आठवड्याला एक पान धरलं तर ५० जोड्यांचं बुक जवळपास वर्षभर पुरतं.

पानावर हातानं पाच रकाने आखा: तारीख, विनंती, माझा वाटा, पुन्हा कधी विचारायचं, काय झालं. पहिले दोन सगळेच लिहितात. साधनाची किंमत ठरते ती उरलेल्या तिघांवर. नमुन्यादाखल एक नोंद पाहू. ‘सुवार्तेच्या कामासाठी प्रार्थना’ असं लिहिलं तर तिच्यावर काहीच करता येत नाही. कधी पूर्ण झाली हेही कळणार नाही. त्याऐवजी: ‘स. च्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, १२ तारीख, सकाळी. सोबत जायला घरात कुणी नाही.’ आता ‘माझा वाटा’ या रकान्यात सोबतीण लिहिते, ‘१२ ला सकाळी मी जाते. बसस्टँडवर भेटू.’ चौथ्या रकान्यात ‘१३, रात्री फोन’. पाचवा रिकामा. तेरा तारखेला त्या रिकाम्या चौकोनाकडे नजर जातेच, आणि फोन होतो. विनंती, हातभार आणि चौकशी एका ओळीत बसली.

‘काय झालं’ मध्ये खरं तेच लिहायचं. ‘झालं’, ‘अजून नाही’, ‘झालं नाही’, ‘वेगळंच घडलं’, ही चारही उत्तरं चालतात. फक्त ‘झालं’ लिहायची सवय लागली की लोक अवघड विनंत्या सांगणं बंद करतात. आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततची पीडा, देवानं काढून टाकावी म्हणून पौलानं तीनदा विनंती केली, आणि उत्तर वेगळंच मिळालं, तेही त्यानं करिंथकरांना लिहून कळवलं (२ करिंथ १२:८-९).

एका पानावर पाचपेक्षा जास्त विनंत्या नकोत. सहावी आली की कुठलीच नीट विचारली जात नाही.

आता तांत्रिक भाग, कारण बुक बिघडतं ते इथंच. कार्बनची काळी, चकचकीत बाजू खाली हवी. उलटा घातला तर खाली काही उमटत नाही आणि वरच्या पानाच्या पाठीमागं आरशातली अक्षरं उमटतात. सोबत्याकडे घाणेरडी प्रत जाते, तुमच्याकडे कोरं पान राहतं. दुसऱ्या पानाखाली जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढच्या जोडीवरही दाब उमटतो. पेन बॉलपेनच, तेही जरा दाबून. जेल आणि शाईच्या पेनानं कार्बनवर पुरेसा दाब बसत नाही, शिवाय जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात शाई पसरते. जून ते सप्टेंबर बुक झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. बिनकार्बनचं, आपोआप उमटणारं बुकही मिळतं. हात काळे होत नाहीत हा फायदा, पण ऊन लागलं की त्यातली खालची प्रत फिकी पडते, आणि मऊ प्लॅस्टिकच्या कव्हरला चिकटून राहिली तरी अक्षरं उडतात. दोन-तीन वर्षं जपायचं असेल तर साधा कार्बनच घ्या.

तोटा: दोघं प्रत्यक्ष भेटणार असतील तरच हे चालतं. लोंढ्याचा माणूस आणि चिकोडीचा माणूस यांना डुप्लिकेट बुक जमणार नाही. आणि फाडलेलं पान शर्टाच्या खिशात राहून धुण्यात जातं, हे फार वेळा होतं. देवघरात नाही, कपाटात नाही, तर रोज उघडायच्या पवित्र शास्त्रातच ते पान ठेवायचं असं पहिल्या दिवशी ठरवून टाका.

पाचपैकी साडेचार.

लाँगबुक

दोनशे पानी, शिवलेल्या बांधणीचं लाँगबुक शंभर रुपयांच्या आत मिळतं. नुसत्या मधल्या पिनांवर धरलेली वही वर्षभराच्या उघडझाकीत मधूनच सुटते. स्पायरलची पानं टोकाला फाटतात. एकाच घरातल्या नवराबायकोला, किंवा एकाच चर्चमधल्या तीन-चार जणींच्या गटाला लाँगबुक बरं, कारण वही एकाच जागी राहते आणि दोन पानं समोरासमोर उघडली की डावीकडे विनंत्या, उजवीकडे निकाल असं लांबरुंद लिहिता येतं. अडचण एकच आणि ती मोठी आहे: वही जिच्या घरी, तिच्याकडे सगळी आठवण. ती माहेरी गेली की गट आंधळा. पाचपैकी साडेतीन.

व्हॉट्सॲपचा गट

सगळ्यात जास्त वापर याचाच, आणि आमच्या कसोटीवर सगळ्यात कमी गुण यालाच. गटात १०२४ जण मावतात, ही सोय इथं अडचणीची आहे. साठ जणांच्या गटात विनंती टाकली की चाळीस हात जोडलेली चिन्हं येतात, त्यावर सकाळचं वचन, त्यावर कुणाचा वाढदिवस, आणि संध्याकाळपर्यंत मूळ विनंती कितीतरी वर गेलेली असते. प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकोणसाठ विचारतील. संख्या मोठी असल्यानं प्रार्थना कमकुवत होते असं मुळीच नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेला जमणाऱ्यांचा मोठा गट उभा केला होता, पण तिथं माणसं रोज, ठरल्या वेळी, एका विषयासाठी एकत्र बसत होती. चिन्ह पाठवणं आणि बसणं यात फरक आहे.

तरी गट बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. पालकांच्या आजारपणापासून चर्चच्या छपरापर्यंत मोठ्या मंडळीला कळवायला तो लागतो. एवढे बदल करा. गटाच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील असं ठेवा. सोमवारी एक संदेश, तीन विनंत्या, त्याहून जास्त नाही. शनिवारी दुसरा संदेश, त्याच तीन विनंत्यांचं काय झालं. शनिवारचा संदेश चुकला तर पुढच्या सोमवारचा टाकायचाच नाही, हा नियम कडक ठेवा; दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. गायब होणारे संदेश चालू असतील तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी पुसले जातात, म्हणजे तुमची वही स्वतःहून कोरी होत जाते. प्रार्थनेच्या गटावर ते बंद ठेवा.

वैयक्तिक विनंतीला गटापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. त्यात २५६ जण बसतात, प्रत्येकाला संदेश वेगळा जातो आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोचत नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. ‘मी कळवलं होतं’ आणि ‘मला आलंच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा यात असतं.

रुग्णाचा, लहान मुलाचा, घरगुती भांडणातल्या बाईचा फोटो किंवा पूर्ण नाव गटावर कधीच नको. इकडं मंडळ्या लहान आहेत. ‘एक भगिनी, वडगाव’ एवढ्यावरून लोक घर ओळखतात. पाचपैकी दोन, वरचे बदल केले तर तीन.

साधा फोन आणि कॉन्फरन्स

याला आम्ही जितके गुण देतोय तितके फारसं कुणी देत नाही. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या मावशी, ऊसतोडीच्या हंगामात फडावर गेलेलं कुटुंब, वयस्कर पाळकबाई, यांच्याकडे बटणाचा फोन असतो आणि तो पुरतो. एकानं दुसऱ्याला लावायचा, उचलल्यावर तिसऱ्याला लावायचा, मग ‘मर्ज’ किंवा ‘कॉन्फरन्स’ दाबायचं. बहुतेक फोनवर चार-पाच जण जोडता येतात, पण तिघांच्या पुढं आवाज एकमेकांवर चढतो. तिघंच ठेवा. एक जण प्रार्थना करत असताना बाकीच्यांनी आवाज बंद करायचा. कुकरची शिट्टी आणि टीव्ही सगळ्यांच्या कानात जातो. लावणारा प्रत्येक वेळी तोच असावा. ‘तुम्ही लावाल असं वाटलं’ हे प्रार्थना चुकण्याचं फार साधं आणि फार मोठं कारण आहे.

वेळ हंगामाप्रमाणं बदला आणि बदलली की लिहून ठेवा. ऑक्टोबर ते मार्च ऊसतोड आणि कारखान्यांचा काळ, तेव्हा फडावरच्या माणसाला रात्री आठनंतरच फुरसत. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून दुसरी वेळ आधीच ठरवा: ‘मंगळवार नाही लागला तर बुधवार, तीच वेळ, पुन्हा विचारायचं नाही.’ फोनवर नोंद राहत नाही ही उणीव आहे; दोघांनीही समोर कागद घेऊनच बसावं. पाचपैकी चार.

यूव्हर्जनचं बायबल ॲप

२००८ पासून असलेलं, अमेरिकेतल्या लाइफ चर्चनं काढलेलं हे ॲप फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. वाचनासाठी तर ते घ्याच. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मराठी पवित्र शास्त्र त्यात आहे, कन्नडही आहे. प्रार्थनेसाठी वेगळा विभाग आहे: विनंती लिहायची, ती स्वतःपुरती ठेवायची की निवडक मित्रांना दाखवायची हे ठरवायचं, पुढं काय झालं ते तिथंच जोडायचं, आणि उत्तर मिळालं की तशी खूण करायची. म्हणजे आमचा पाचवा रकाना त्यांनी ओळखलेला आहे, ही आनंदाची गोष्ट. मित्रांबरोबर वाचन-योजना घेता येते. पुण्यात शिकणारा मुलगा आणि बेळगावातली आई एकच उतारा वाचून खाली दोन ओळी लिहू शकतात.

कमी काय? ‘माझा वाटा’ यासाठी जागा नाही. ते तुम्हीच विनंतीच्या मजकुरात लिहायला हवं. दोघांनाही खातं उघडावं लागतं. मराठीतल्या वाचन-योजना इंग्रजीच्या मानानं फारच थोड्या. आठवणीची घंटा लावली तरी वाजत नाही असं झालं तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी बचतीचा असतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला त्यातून वगळा. आणि रेंज नसलेल्या गावी जायचं असेल तर घरच्या वायफायवर असतानाच मराठी आवृत्तीसमोर डाउनलोडची खूण आहे का ते पाहून उतरवून ठेवा. लांब राहणाऱ्या, स्मार्टफोन सरावलेल्या दोघांसाठी पाचपैकी चार. मंडळीतल्या आजीसाठी काहीच नाही.

कुठलंही साधन घ्या, अर्धा तास असा वापरा

साधन चांगलं आणि बैठक सैल, तर फळ नाही. आम्ही सुचवतो तो अर्धा तास असा. पहिली पाच मिनिटं वचन, एकच छोटा उतारा, त्यावर प्रवचन नाही. पुढची आठ मिनिटं मागच्या पानावरचा पाचवा रकाना भरायला. हे आधी, नवं काही सांगायच्या आधी. नंतर पाच मिनिटांत नव्या विनंत्या लिहायच्या, बोलत बसायचं नाही. दहा मिनिटं प्रार्थना, दोघांनीही मोठ्यानं. शेवटची दोन मिनिटं चौथ्या रकान्याला: कोण, कधी, कुणाला विचारणार.

बिघडतं ते बहुतेक नव्या विनंत्यांच्या पाच मिनिटांत. ती वीस मिनिटं होतात, गप्पा सुखावतात, आणि प्रार्थनेला उभ्या-उभ्या तीन मिनिटं उरतात. त्यावर उपाय म्हणजे फोनचा टायमर, आणि तो वाजला की वाक्य अर्धवट सोडायचं धैर्य. दुसरी चूक: विनंतीच्या नावाखाली दुसऱ्याची गोष्ट सांगणं. ‘त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती...’ इथं सोबत्यानं मऊपणे विचारावं, ‘हे सांगायला त्यांनी तुम्हाला सांगितलंय का, ताई?’ नसेल तर नोंद करायची नाही. देवाला नाव ठाऊक आहे. तिसरी चूक हळूहळू होते: एक जण सतत सांगणारा आणि दुसरा सतत ऐकणारा होतो. चार पानं सलग एकाच माणसाच्या विनंत्यांनी भरली असतील तर थांबून ते बोला. लढाई चालू असताना प्रार्थनेत उचललेले मोशेचे थकलेले हात धरायला अहरोन आणि हूर होते, शिवाय बसायला धोंडा होता (निर्गम १७:१२). धरणाऱ्याचेही हात दुखतातच.

जोडी शक्यतो बायकाबायकांची किंवा पुरुषापुरुषांची असावी, नवराबायको सोडून. पाळकाचा सोबती त्याच्याच पगारावरचा किंवा त्याच्याच कमिटीतला नसावा. तिथं माणूस खरं सांगत नाही. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या पंथाच्या सेवकाशी जोडी जमली तर उत्तम. मेथडिस्ट आणि कॅथलिक शेजाऱ्यांनी एकत्र प्रार्थना करायला कुठलीच कमिटी आडवी येत नाही.

काही गोष्टी दोघांत ठेवायच्याच नाहीत. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर चाइल्डलाइन १०९८. कुणी जीव द्यायचं बोललं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, आणि त्या रात्री त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. गुप्ततेचं वचन इथं लागू होत नाही, हे पहिल्याच बैठकीत एकमेकांना स्पष्ट सांगून ठेवा. गोळ्या आणि डॉक्टरांच्या तारखा विनंतीच्या शेजारीच लिहाव्यात; मधुमेहाच्या गोळ्या बंद करून प्रार्थनेवर राहिलेल्या माणसाला थांबवणं हाही सोबत्याचा वाटा.

दोन भाषांची जोडी

आपल्याकडे हे नेहमीचं आहे: रविवारी कन्नड उपासना, घरी मराठी, आणि सोबतीण कन्नड शाळेत शिकलेली. प्रत्येकानं आपल्या भाषेत प्रार्थना करावी. तोडक्या भाषेत करायला लावलं की माणूस पाठ केलेली वाक्यं म्हणू लागतो. अडचण नोंदीची येते. तारीख, अध्याय आणि वचन अंकांत लिहा, आणि विनंती ज्याची आहे त्याच्याच भाषेत. दुसऱ्यानं ती स्वतःच्या भाषेत मोठ्यानं एकदा सांगायची, ‘म्हणजे असंच ना, अक्का?’ म्हणून. चूक लगेच पकडली जाते. वचन वाचताना ॲपमध्ये आवृत्ती बदलून त्याच अध्यायाची कन्नड बाजू उघडता येते, आणि छापील पुस्तकं दोन असली तरी काम भागतं. जुन्या कन्नड प्रतींत अंक कन्नड असतात, तेवढं आधी ओळखून घ्या.

पैसा आला की

फिलिप्पैची मंडळी पौलाच्या कामात पहिल्या दिवसापासून भागीदार होती (फिलिप्पै १:५), आणि त्या भागीदारीत प्रार्थना, पैसा आणि माणूस तिन्ही होते. त्या मंडळीचा एपफ्रदीत देणगी घेऊन पौलाकडे गेला, तिथंच मरणाच्या दारी आजारी पडला, आणि पौलानं त्याला पत्रासह परत पाठवलं, देणगी मिळाल्याची पोच त्याच पत्रात लिहून (४:१८). तेव्हा ‘माझा वाटा’ रकान्यात कधीतरी रुपये येणारच. मिझोरामच्या मंडळ्या १९१० पासून घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून सेवेला देतात. खानापूर भागातल्या भातशेतीच्या घरांना हे सहज जमेल.

पण सोबत्यांनी एकमेकांना उसने देऊ नयेत. कर्ज आलं की प्रार्थना अवघडते. मदत द्यायची तर परत न घेण्याची द्या, किंवा मंडळीच्या खात्यातून, पावतीसह. कामासाठी गोळा केलेला पैसा कुणाच्या स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. महिनाअखेर घरखर्च आणि देणगी वेगळी करता येत नाही. दोघांच्या सहीनं चालणारं खातं उघडा. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची आयकर नोंदणी (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) असेल तरच देणाऱ्याला करसवलत, आणि रोख दोन हजारांवर असेल तर त्या रकमेवर ती मिळत नाही. परदेशातल्या ओळखीच्यांनी कामासाठी पैसे पाठवायचं म्हटलं, तर २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेच्या ठरावीक खात्यातच ते येऊ शकतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ते पुढं दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाहीत. ‘माझ्या खात्यावर टाका, मी कामाला लावतो’ हे हेतू कितीही चांगला असला तरी चालत नाही.

काय घ्याल

एकाच गावातले दोघं: डुप्लिकेट बुक, कार्बनचं. लांबचे दोघं, दोघांकडे स्मार्टफोन: यूव्हर्जन, आणि आठवड्यातून एक फोन. बटणाचा फोन असलेल्या सोबत्याबरोबर: ठरल्या वेळचा कॉल आणि दोघांकडे एकेक वही. मोठ्या मंडळीला कळवायला: फक्त ॲडमिन लिहू शकेल असा व्हॉट्सॲप गट, सोमवार-शनिवारच्या शिस्तीत. चार साधनं एकदम सुरू करू नका. एक घ्या, सहा महिने चालवा, आणि सहा महिन्यांची तारीख पहिल्याच पानावर लिहा. त्या दिवशी दोघांनी बसून ठरवायचं, पुढं चालू ठेवायचं की थांबायचं. तारीख आधीच ठरलेली असली की थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि कंटाळलेली जोडी नुसती ओढली जात नाही.

बुक भरलं की सगळी पानं एकदा शेवटपासून सुरुवातीपर्यंत वाचा, ‘अजून नाही’ लिहिलेल्या नोंदी नव्या बुकाच्या पहिल्या पानावर उतरवा, आणि ज्या पानांवर दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी आहेत ती दोन्ही प्रतींसह फाडून जाळा. रद्दीत टाकू नका. त्या कागदांच्या पुड्या परत आपल्याच गल्लीत येतात.